विनिताबाईंनी जपलेली तार

विनिताबाई फाळक्यांना कामावर ठेवायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं. मला हवी होती खाली मान घालून काम करणारी बाई. ह्या आल्या त्या थेट मागच्या खोलीत शिरल्या, मशीनकडे कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही वायर अशी पायात कोणी टाकली? कोणी मरेल ना!"

वायर मीच टाकली होती. त्यांना नको म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी ती वायर भिंतीच्या कडेने नेऊन खिळ्याला अडकवलीसुद्धा होती. मग नाही म्हणणं राहूनच गेलं.

आमचा कारखाना म्हणजे ग्वाल्हेरच्या दाना ओली या गल्लीतल्या एका घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. कारखाना हा शब्द मी लोकांवर छाप पाडायला वापरतो. पुढच्या खोलीत प्लॅस्टिकचे ताव कापायचे, मागच्या खोलीत ते जोडायचे, आणि टोपी बाजारातल्या दुकानदारांना माल पोचवायचा. माझे पूर्वज दरबारात दफ्तरं सांभाळायचे आणि मी, भालचंद्र, त्यांचा वंशज, दफ्तरांची प्लॅस्टिकची कव्हरं शिवतो, असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि वर हसते. कव्हरं शिवत नाहीत, वेल्ड करतात, हे तिच्या डोक्यात अजून शिरलेलं नाही.

वेल्ड करणारं ते मशीन वडिलांनी घेतलेलं. दोन ताव एकावर एक ठेवायचे, वरून पितळी साचा दाबायचा, पायाने दांडी दाबली की तावांच्या आतूनच उष्णता निघते आणि दोघांचा एक होतो. ना धागा, ना डिंक. ही करामत करतो मशीनच्या पोटातला एक मोठा व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत छोटे छोटे व्हॉल्व्ह असायचे, त्यांच्याच घराण्यातला हा पैलवान. काचेच्या आत एक तार असते. ती तापून लाल-पिवळी झाली की मशीन जिवंत, ती तुटली किंवा थकली की मशीन म्हणजे लोखंडाचं कपाट.

विनिताबाई आल्या आणि थोड्याच दिवसांत पहिला व्हॉल्व्ह गेला. माझा आधीचा कारागीर सकाळी आल्या आल्या खटकन सगळी बटणं दाबायचा आणि चहाला निघून जायचा, त्याचं हे फळ. वडिलांनी मशीनबरोबर एक जादाचा व्हॉल्व्ह घेऊन ठेवला होता. तो बसवायला इंदूरहून रघुनाथराव आले. मोठ्या कारखान्यात अशाच मशीनांवर आयुष्य काढलेला शिकलेला माणूस, बोलणं मोजकं, चहा मात्र बेसुमार. त्यांनी व्हॉल्व्ह बसवला आणि सांगितलं, "हा आता जगात कुणी बनवत नाही. हा गेला की मशीन भंगारात द्या."

मी कपाळाला हात लावला. विनिताबाईंनी मात्र स्टूल ओढलं आणि रघुनाथरावांच्या समोर बसल्या. "तर मग हा जायलाच नको. सांगा, कसा नाही जाणार?"

रघुनाथरावांना असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला असावा, कारण त्यांनी तिसरा चहा मागवला आणि सविस्तर सांगायला बसले. तारेत थोडं थोरियम मिसळलेलं असतं. तार तापली की ते आतून हळूहळू वर येतं, आणि ते वर आहे तोवर व्हॉल्व्ह काम करतो. तार गरजेपेक्षा जास्त तापवली की ते भराभर उडून जातं. गार तारेवर एकदम पूर्ण व्होल्टेज सोडलं की तिला हिसका बसतो. म्हणून सुरुवात शून्यापासून करायची आणि हळूहळू वर न्यायचं. मग व्होल्टेज कणाकणाने खाली आणत जायचं, जोड कच्चा पडायला लागला की थांबायचं, आणि तिथून थोडं वर येऊन मुक्काम करायचा. कंपनीने लिहिलेल्या आकड्याच्या जरासं खाली, पण कामाच्या वर. एवढ्या जराशाने व्हॉल्व्हचं आयुष्य कितीतरी वाढतं.

त्यांनी एक डिमर बसवून दिला, म्हणजे गोल फिरवायचं मोठं बटण, आणि एक मीटर थेट व्हॉल्व्हच्या पायांशी जोडून दिला. "मधल्या वायरीत व्होल्टेज पडतं. तारेला काय मिळतंय ते तारेपाशीच बघायचं," असं म्हणून ते इंदूरला गेले.

विनिताबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर डिमरवर योग्य जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका काढला. दिसायला छान होता. पण आमच्या गल्लीतली वीज कुणाच्या ठिपक्याला जुमानणारी नाही. सकाळी कुणाचं काही चालू नसतं तेव्हा ती उतू जाते, आणि उन्हाळ्यात दुपारी घरोघरचे कूलर लागले की धापा टाकते. बटण ठिपक्यावरच असायचं आणि काटा भलतीकडेच. दोन दिवसांत बाईंनी ठिपका खरवडून काढला आणि काट्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवायला लागल्या.

त्यात शेजारी दौलतसिंहाची पिठाची चक्की. तिची मोटर सुरू झाली की आमचा काटा दचकायचा, आणि बंद झाली की उसळायचा. मी दौलतसिंहाशी पूर्वी दोनदा भांडून हरलो होतो. तो उंच, मिशाळ, आणि आपली चक्की आपल्या मर्जीने चालवणार असं म्हणणारा. विनिताबाई एका सकाळी पदर खोचून त्याच्याकडे गेल्या. मी दारात उभा राहून भांडण ऐकायच्या तयारीत होतो. ऐकू आलं ते वेगळंच.

"दौलत भैया, जरा इधर आके देखो," म्हणत त्या त्याला आमच्या खोलीत घेऊन आल्या. जाळीतून तापलेली तार दाखवली. "ये आपकी चक्की से डरती है."

दौलतसिंह पुष्कळ वेळ वाकून बघत राहिला. त्या दिवसापासून मोटर चालू करण्याआधी तो मधल्या भिंतीवर दोन ठोके मारायला लागला, आणि बंद करण्याआधी एक. ठोका ऐकला की बाईंचा हात डिमरवर. इकडून त्या ओरडणार, "हो जाने दो!" आणि मग तिकडे चक्की घरघरणार. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या घरात भिंतीला काहीतरी झपाटलंय.

बाई कुठपर्यंत शिकलेल्या, असं कुणी विचारलं तर सांगतो, आठवीपर्यंत, आणि त्याबद्दल त्यांना ना लाज ना अभिमान. घराणं शिपाईगिरीचं, नवरा हेमेंद्र शाळेची बस चालवतो, स्वभाव तापट, आवाज खणखणीत. आपण किती हुशार आहोत हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या. पण जोड तपासायची त्यांची पद्धत बघितली की ती बढाई माफ व्हायची. प्रत्येक कामाआधी त्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या जोडायच्या आणि दोन्ही टोकं धरून सगळ्या ताकदीनिशी ओढायच्या. जोडावरून सुटलं तर काम कच्चं. जोड शाबूत राहून बाजूचं प्लॅस्टिक फाटलं तर काम पक्कं. "फाटलं!" असा त्यांचा आनंदाने ओरडल्याचा आवाज सकाळी पुढच्या खोलीत आला की मी ताव कापायला घ्यायचो.

आमच्याकडे गरिमा आली ती सहा वर्षांची असताना. गावातल्या कंपू भागात राहणारी पोर, पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष, कमरेखाली काहीच जाणवत नाही. चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसायचं आणि टोचतंय, रुततंय हे कळायचंच नाही, म्हणजे कातडी आतल्या आत मरत जाणार. डॉक्टरांनी हवेच्या गादीवरच बसवायला सांगितलं होतं. बाजारात मिळत होत्या त्या मोठ्या माणसांच्या मापाच्या. तसल्या गादीवर ती एका बाजूला कलंडायची. तिची आई ती गादी काखेत मारून गल्लीगल्लीत विचारत फिरत होती, हिला कापून लहान कुणी करून देईल का.

मी म्हणालो, आम्ही फाइलींची कव्हरं करतो. विनिताबाई म्हणाल्या, "तुम्ही कव्हरं करा ना भाऊसाहेब, कोण रोकतंय?" आणि त्यांनी खाकी कागद जमिनीवर पसरून पोरीला त्यावर बसवलं आणि खडूने तिच्याभोवती रेघ काढली. टोपी बाजारातल्या पितळेवाल्याकडून साचा वाकवून आणला. आठवड्याभरात गादी तयार. आत हवेचे लहान लहान कप्पे, एकमेकांना जोडलेले, त्यामुळे पोर हलली की हवाही इकडून तिकडे सरकायची. गरिमा पहिल्यांदा सरळ बसली. तिच्या आईने हात जोडले, तेव्हा बाई खेकसल्या, "अहो, हवा भरून बघा आधी, गळतेय का!"

पोर वाढत होती, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी खाकी कागद पुन्हा जमिनीवर यायचा. हळूहळू कंपूतल्या दवाखान्यांतून इतरही लोक यायला लागले, वाकड्या मापाचे, अडलेले. पण गरिमा ही बाईंची पहिली. ती आली की त्या मशीन थांबवायच्या आणि तिच्याशी भांडण उकरून काढायच्या.

आता बाईंनी केलेली चूकही सांगायला हवी, नाहीतर त्या मलाच झापतील की भाऊसाहेब, तुम्ही तर आरतीच लिहिली. घरच्या गॅसचा सिलिंडर पुरवून वापरण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. जरासं कमी केल्याने तार एवढी टिकते, तर आणखी कमी केल्याने आणखी टिकेल, असा हिशेब एका हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात शिरला. काटा रोज थोडा खाली. जोड कच्चा वाटला की दांडी जास्त वेळ दाबून धरायच्या. सरळ पट्टी ओढून बघितली तर फाटायची, म्हणून त्या खुशीत. पण सरळ पट्टी वेगळी आणि गादीचा वळणदार कोपरा वेगळा. तिथे जोर जास्त लागतो, आणि तो कमी पडत होता हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

गरिमाच्या दहावीच्या परीक्षेत, पेपर चालू असताना, गादीचा एक कोपरा सुटला. हवा हळूहळू निघून गेली. पोर पूर्ण पेपरभर खुर्चीच्या कडक पाटावर बसून लिहीत राहिली. तिला काही जाणवलंच नाही. संध्याकाळी आईने कपडे बदलताना पाहिलं तर कातडी काळीनिळी झालेली, एका जागी फाटलेली. पुढचे कितीतरी आठवडे गरिमा पालथी पडून होती. उरलेले पेपर तिने नंतर पुरवणी परीक्षेत दिले.

बाईंनी ती गादी आणून मशीनच्या टेबलावर ठेवली आणि कोपरा बोटांनी ओढला. केळ्याची साल निघावी तसा तो निघत गेला. मग चप्पल घालून त्या चालत कंपूत गेल्या. मीही मागोमाग गेलो. दारातच त्यांनी गरिमाच्या आईला सांगितलं, "चूक माझी आहे. मशीनची नाही, भाऊसाहेबांची नाही. मी तार वाचवायला गेली आणि पोरीला विसरली." आणि त्या रडल्या, मोठ्याने, शेजारी जमा होतील अशा.

पालथी पडलेली गरिमाच शेवटी म्हणाली, "काकू, बस भी करो. पेपर मस्त गेला होता."

परतल्यावर त्यांनी रघुनाथरावांना फोन लावला. व्हॉल्व्ह आता लिहिलेल्या आकड्यावर नेला तरी जोर धरेना. मला वाटलं संपलं. फोनवर रघुनाथराव म्हणाले, "मेला नाही तो. उपाशी आहे. तुम्ही त्याला इतकं थंड ठेवलंत की थोरियम वर यायचंच थांबलं." उपायही त्यांनीच सांगितला. जोड करणारं मोठं व्होल्टेज पूर्ण तोडायचं, काम काही घ्यायचं नाही, आणि नुसती तार लिहिलेल्यापेक्षा थोडी जास्त तापवून तशीच राहू द्यायची. आतलं थोरियम पुन्हा वर यायला वेळ द्यायचा.

त्या दिवशी दुपारभर बाई मशीनसमोर स्टुलावर बसून होत्या. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशा. व्हॉल्व्ह गार ठेवणाऱ्या पंख्याचा आवाज, काचेतला उजेड, आणि दौलतसिंहाने तर आपणहून चक्की बंद ठेवली होती. दळण घेऊन आलेल्यांना तो सांगत होता, आज बगल में मरीज है. संध्याकाळी बाईंनी काटा जागेवर आणला आणि कोपऱ्याचाच वळणदार तुकडा जोडून ओढला. जोड राहिला, प्लॅस्टिक फाटलं. नेहमीसारख्या त्या ओरडल्या मात्र नाहीत. तो तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता पुढे कोपराच ओढून बघायचा."

त्यानंतर काटा कधी हावेने खाली गेला नाही. कमीही नाही आणि जास्तही नाही, तारेला जेवढं हवं तेवढंच. वीज चढो, पडो, चक्की सुरू होवो, बंद होवो. मी हे रोज बघत होतो आणि तरी मला त्याचं नवल वाटत राहायचं. आपण कितीतरी गोष्टींची काळजी करतो, पण ती एखाद्या आठवड्यापुरती. या बाईने एका तारेची काळजी वर्षानुवर्षं केली, तीही कुरकुर न करता. खरं म्हणजे कुरकुर पुष्कळ केली, पण कामात खंड पडू दिला नाही. रघुनाथराव एकदा लग्नाला ग्वाल्हेरला आले तेव्हा मुद्दाम बघायला आले. अजून तोच व्हॉल्व्ह आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी नंबर वाचून खात्री केली आणि बाईंना नमस्कार केला. बाईंनी तो हक्काने घेतला.

पण तार म्हातारी होणारच. गेल्या वर्षापासून तोच जोड मिळवायला काटा थोडा थोडा वर न्यावा लागला. आधी लिहिलेल्या आकड्यापर्यंत, मग त्याच्याही वर. रघुनाथराव फोनवर म्हणाले, "आता थोरियम संपत आलंय. जपून हलकं काम घ्या, कव्हरांपुरता चालेल काही दिवस."

याच सुमारास एका व्यापाऱ्याने मशीन विकत मागितलं. अट एकच, चालू हालतीत हवं. मी हो म्हणायच्या बेतात होतो. माझंही वय झालंय, गुडघे बोलतात, मुलगा गुरुप्रसाद पुण्याला नोकरीत. चालू मशीन दिलं तर म्हातारपणाला आधार झाला असता. आणि नेमकी तेव्हाच गरिमा आली. अठराची झालेली, भोपाळला कॉलेजात प्रवेश मिळालेला, होस्टेलवर राहणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता तिची वाढ पूर्ण झाली. जुनी गादी लहान पडत होती. जायच्या आधी नवी हवी होती.

बाईंनी खाकी कागद पसरला, रेघ काढली, आणि गरिमा गेल्यावर मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, गादीचे कोपरे या काट्यावर होणार नाहीत. खूप वर न्यावा लागेल. तार जाईल."

"मग करू नका," मी म्हणालो. "दुसरीकडून करून घेऊ."

"कुठून? बताओ ना, कुठून?"

मला राग आला. इतकी वर्षं एका कणाची उधळपट्टी न करणारी बाई आता सगळंच जाळायला निघाली होती, आणि तेही माझं. मी बोललोसुद्धा तसं, जरा चढ्या आवाजात. त्याही चढल्या. "जपली कशासाठी होती हो मी? त्या व्यापाऱ्यासाठी? शोकेसमध्ये ठेवायला? पोरीची वाढ पुरी होईपर्यंत टिकली ना ही? बस! आता हिचं काम हेच आहे."

रागाच्या भरात पुढच्या खोलीत जाऊन मी गादीचे ताव कापायला घेतले. एका गादीला लागतात त्याहून जास्तच कापले. ते का कापले हे मला कुणी विचारू नये.

दुसऱ्या सकाळी दौलतसिंहाने चक्की उघडलीच नाही. बाईंनी नेहमीसारखी शून्यापासून सुरुवात केली, तितक्याच सावकाश, आणि मग काटा वर, आणखी वर, कधीच नेला नव्हता तिथे नेला. काचेतला पिवळा उजेड पांढरा व्हायला लागला. पहिला कोपरा जोडून त्यांनी ओढला आणि ओरडल्या, "फाटलं!" पहिली गादी झाली. दुसरी झाली. मी म्हणालो, आता पुरे, थांबवा, निदान व्हॉल्व्ह तरी राहील. त्यांनी ऐकलंच नाही. "हिला अख्खं आयुष्य बसायचंय," म्हणत त्यांनी तिसरी घेतली, मग चौथी. पाचवीचा शेवटचा जोड झाला, त्यांनी दांडीवरून पाय उचलला, आणि आतला उजेड गेला. आवाजसुद्धा झाला नाही. पंखा तेवढा फिरत राहिला. तो त्यांनी लगेच बंद केला नाही, गार होईपर्यंत चालू ठेवला, जणू उद्या पुन्हा मशीन लावायचंच होतं.

गरिमा गाद्या न्यायला आली तेव्हा पाच बघून तिचा चेहरा पडला. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं, बहुधा दौलतसिंहानेच. एक गादी मांडीवर घेऊन ती तिच्यावर हात फिरवत राहिली.

"काकू, मी खूप सँभालून वापरीन. फक्त क्लासमध्ये. होस्टेलवर जुनीच घेईन, प्रॉमिस."

विनिताबाईंनी तिच्या हातातली गादी ओढून घेतली, तिच्या नळीला तोंड लावून हवा भरली आणि खुर्चीत ठेवली.

"मुळीच नाही. जपायचं काम माझं होतं, ते झालं. तू दिवसभर बस."